भिंगरीच्या प्रदक्षिणा

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून बसलात तर पाठीला बरं वाटेल, पण गोष्ट अर्धीच कानावर येईल. आणि ही गोष्ट अर्धी ऐकून जो उठला तो आमच्या कुत्रीला नावं ठेवत उठला, असा माझा अनुभव आहे. चहा मागाहून टाकते. आधी ऐका.

चैत्र शुद्ध अष्टमी. दुपारचे बारा वाजलेले. आमच्या ओटीवर रांगोळी काढून मांडलेला पाट, पाटावर कीर्तनकार वामनबुवा, पुढ्यात केळीचं पान, आणि बुवांच्या भोवती आमची भिंगरी गोल गोल फिरतेय.

बुवांनी वरणभाताचा घास हातातच धरला. "माउली, ही काय करते आहे?"

"प्रदक्षिणा घालतेय, बुवा," मी म्हटलं.

"एकवीस झाल्या," स्वयंपाकघराच्या दारातून आमचे हे म्हणाले. "बाविसावीला पापड जाईल."

मी ह्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. पापड तिने नेलाच, पण बाविसावीला नाही, तेविसावीला.

ह्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. आमचं पिंपळोशी गाव चिपळूणच्या अलीकडे, रस्त्याला लागून. गावात रामाचं देऊळ. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत रोज दुपारी चारला कीर्तन, आणि बुवांचं जेवण रोज एका घरी. अष्टमीचं घर आमचं, पेवेकरांचं. मला लहानपणापासून कीर्तनाचं वेड. पेटीचा भाता हलला की माझे हात आपोआप जोडले जातात. त्यामुळे अष्टमीची मी वर्षभर वाट बघायची. त्या वर्षी मात्र पानात पुरणपोळी वाढताना माझं लक्ष बुवांच्या तोंडाकडे होतं, कारण बुवांकडून मला एक शब्द हवा होता. तो मिळाला नसता तर दुसऱ्या दिवशी भिंगरी माझी राहणार नव्हती.

भिंगरी माघात आली. माझा मुलगा प्रसन्न पुण्याला होता, त्याची बदली बंगळूरला झाली. तिथल्या घरमालकाला कुत्रं नको होतं. काळी-पांढरी, लांब केसांची, एक कान उभा, एक दुमडलेला. विलायती जात, तिकडे म्हणे मेंढ्या राखायला ठेवतात. आमच्याकडे मेंढ्या नव्हत्या, तेव्हा तो विषय मी तिथेच संपवला. तिचं पुण्यातलं इंग्रजी नाव माझ्या तोंडात बसेना. दिवसभर भिंगरीसारखी फिरायची, म्हणून भिंगरी.

प्रसन्नने जाताना एक कागद लिहून दिला होता. रोज दोन तास पळवायचं. एकटं ठेवायचं नाही. आणि खाली दोन रेघा मारून, 'डोक्याला काम द्यायचं, नाहीतर ती स्वतः शोधते.'

पळवायचं काम ह्यांच्याकडे आलं. हे एसटीतून नुकतेच रिटायर झालेले, आधी कंडक्टर, मग चिपळूण आगारात कंट्रोलर. दोन दिवस पळवलं, तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसले. डोक्याचं काम मी माझ्याकडे घेतलं. कीर्तनाच्या कॅसेटी माझ्याकडे पेटीभर. सकाळी दोन, दुपारी एक अशा तिच्यापुढे लावायला लागले. ती टेपसमोर बसायची, मान वाकडी करून ऐकायची, आणि मग उठून टेपभोवती, माझ्याभोवती, ह्यांच्या खुर्चीभोवती गोल गोल फिरायची. संध्याकाळी आरतीला शेजारपाजारची चार बायका-मुलं जमली की त्या सगळ्यांना घेऊन एकच मोठी प्रदक्षिणा. माझे डोळे भरून यायचे.

"अहो, पूर्वजन्मीचं कुणीतरी आहे हे," मी म्हणायचे.

"असेल," हे म्हणायचे. "आमच्या खात्यात असा एक इन्स्पेक्टर होता."

गावाचं मत ह्यांच्या बाजूचं होतं. भिंगरीने अण्णा खेतल्यांच्या अकरा कोंबड्या पिठाच्या गिरणीत नेऊन कोंडल्या. बुदरांच्या लग्नाचं वऱ्हाड एसटीतून उतरलं, ते नवरदेवासकट फणसाखाली गोळा करून तासभर हलू दिलं नाही. कुणी बाहेर पाय टाकला की टाचेला हलकेच दात. रक्त नाही काढायची, पण माणूस उडी मारून आत. खेतले देवळाच्या पंचांचे प्रमुख, त्यांची टाच तिने तीनदा धरली होती. ते घरी आले आणि ह्यांच्याशी बोलून ठरवूनच गेले. त्यांच्या मेव्हण्याची कराडकडे कोंबड्यांची शेड. तिथे राखणीला कुत्रं हवं होतं. मेव्हणा नवमीच्या उत्सवाला अष्टमीच्या संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार, नवमीला पारणं आटोपलं की भिंगरीला टेम्पोत घालून नेणार.

"तिथे तिला पळायला मिळेल?" मी विचारलं.

"साखळी चांगली लांब आहे," खेतले म्हणाले.

त्या रात्री मी जेवले नाही. प्रसन्नला फोन करायचं धाडस नव्हतं. मग मला बुवा आठवले. खेतले कुणाचं ऐकत नसत, पण बुवांच्या पाया पडत. बुवांनी नुसतं म्हटलं की हा पुण्यवान जीव आहे, तर त्याला साखळी घालायची खेतल्यांची काय छाती?

म्हणून तर अष्टमीला भिंगरीला मी मुद्दाम ओटीवर मोकळी सोडली होती. बुवांनी ताकाचा भुरका मारला, हात धुतले, आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. सत्तरी उलटलेला, साधा, गोड माणूस. तीस वर्षं आमच्या गावात येत होता.

"माउली," शेवटी म्हणाले, "जीव ओळखीचा वाटतो. आज हिला कीर्तनाला आणा."

"साखळी घालून आणते."

"छे! देवाच्या दारात भक्ताला साखळी कसली?"

ऐकलंत? हे बुवा स्वतः म्हणाले. पुढे जे झालं त्यात माझा वाटा नाकारत नाही, पण एवढं ध्यानात ठेवा.

आता तुम्हाला आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. बाहेर कुणाला सांगू नका. कीर्तनाचे दोन भाग, पूर्वरंग आणि उत्तररंग. पूर्वरंगात बुवा निरूपण करतात, देव, मन, माया. उत्तररंगात गोष्ट सांगतात, लढाया, स्वयंवरं, रडणं, हसणं. आमच्या गावाला उत्तररंग आवडतो. त्यामुळे नमन झालं, गजर झाला, बुवांनी निरूपणाचं पहिलं वाक्य उच्चारलं की पुरुष एकेक करून उठतात. कुणाला पंप बंद करायचा असतो, कुणाचं दूध उतू जात असतं. सगळे भेटतात समोर गजाच्या टपरीवर. गजाचा हिशोबच तसा, इकडे नमन सुरू झालं की तिकडे तो भज्यांचं तेल तापत ठेवतो. बायका देवळामागे आंब्याखाली बसून बोलतात. तबल्याचा ठेका बदलला की समजायचं गोष्ट सुरू होतेय, मग सगळे परत. पूर्वरंगाला बुवांसमोर उरायचे आम्ही सात-आठ जण, त्यातले तीन झोपलेले. बुवा हे तीस वर्षं बघत होते. बोलत नव्हते. पण माणसाला काय वाटत असेल?

त्या दिवशी चार वाजता मी नेहमीच्या जागी, पेटीवाल्याच्या उजव्या हाताला बसले. भिंगरी मांडीशी. सभामंडप भरलेला. अगदी मागे, पायरीवर, एक म्हातारा धनगर बसला होता. डोक्याला मळकं लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं. कोकणात उतरलेली मेंढरं चैत्रात परत घाटावर चढायला लागतात. त्याची मेंढरं देवळाखालच्या मोकळ्या मळ्यात बसली होती, आणि पायरीवरून ती त्याला दिसत होती.

गजर झाला. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या, उपरणं सारखं केलं, म्हणाले, "आज आपण मनाविषयी बोलू. मन एका जागी राहत नाही. त्याला गोळा करून आणावं लागतं."

आणि मी डोळे मिटले. डोळे मिटून ऐकायची माझी सवयच. मागे पावलं वाजायला लागली, म्हणजे मंडळी नेहमीप्रमाणे उठली. मांडीजवळची ऊब गेली, म्हणजे भिंगरीही उठली. मला वाईट वाटलं. तीसुद्धा गजाकडे निघाली, म्हटलं, बघा.

"मन गाईंसारखं पळतं," बुवा सांगत होते. "एक इकडे, एक तिकडे."

मागे कुणीतरी ओरडलं, "हाड्! हाड्!" मग पावलं परत येताना वाजली. बरीच. धावत. लोक बसले. आणखी पावलं. "अरे सोड, येतो ना!" बांगड्यांचा आवाज आला, आंब्याखालच्या बायकाही आल्या. मी मनात म्हटलं, आज बुवांचं निरूपण लागलं! इतकी वर्षं गावाच्या कानावर पडत होतं, आज आत उतरलं. कुणाचा तरी गुडघा माझ्या पाठीत घुसला, मग दुसऱ्या कुणाचा खांदा कानाला. तरी मी डोळे उघडले नाहीत. गर्दी भक्तीची असली तर सोसावी.

शेवटी नाकाशी भज्याचा वास आला. डोळे उघडून बघते तर माझ्या अगदी शेजारी गजा बसलेला, हातात झारा, झाऱ्यात चार भजी.

"गजा! तू कीर्तनाला?"

"काकी, मी आलो नाही. मला आणलंय," गजा कुजबुजला. "कढई तशीच आहे शेगडीवर. एकदा पळून जाऊन गॅस तेवढा बंद केला, तर हिने परत आणलं."

मी मान वळवली. एरवी मंडपभर पसरून बसणारं गाव मंडपाच्या मधोमध एका गोळ्यात बसलं होतं. पुरुष, बायका, मुलं, एकमेकांच्या मांडीवर म्हणावं इतकी दाटी. खेतले खांब आणि बुदरांची आजी ह्यांच्यामध्ये अडकले होते. आणि त्या सगळ्यांच्या भोवती पोट जमिनीला लावून, डोळे रोखून, भिंगरी प्रदक्षिणा घालत होती. कुणी हललं की थांबायची. नुसती बघायची. माणूस खाली बसायचं.

बुवांना ह्यातलं काही दिसत नव्हतं. चष्मा त्यांनी नेहमीप्रमाणे पेटीवर काढून ठेवला होता. त्यांना दिसत होता फक्त भरलेला मंडप. बोलता बोलता त्यांचा आवाज अडखळला. त्यांनी उपरण्याने डोळे टिपले.

"तीस वर्षं," ते म्हणाले, "तीस वर्षं मी ह्या गावात मन ह्या विषयावर बोलतोय. आज प्रथमच एकही श्रोता उठला नाही. आज घाई करणार नाही. आज सगळं सांगणार."

गाव कण्हलं. बुवांना वाटलं, दाद मिळाली.

पाऊण तासाचा पूर्वरंग सव्वादोन तास चालला. त्यावर वीस मिनिटांत उरकलेला उत्तररंग. आरती व्हायला पावणेसात वाजले. आरतीला सगळे उभे राहिल्यावरच भिंगरीने घेर सैल केला, आणि जीभ काढून माझ्याकडे बघत राहिली. बुवा सगळ्यांना बुक्का लावून, भरल्या डोळ्यांनी पुजाऱ्याच्या घरी विश्रांतीला गेले. ते दाराआड होईपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. गाव चांगलं आहे आमचं.

मग मात्र खेतल्यांनी धोतराचा सोगा वर करून दाखवला. सोग्याला दाताची भोकं होती.

"कंट्रोलर! हे बघा! पंचांच्या प्रमुखाला देवळात कोंडतेय! उद्याची वाट नाही बघायची. मेव्हणा पोचतोय आत्ता. आत्ताच्या आत्ता टेम्पोत!"

"बुवांनी आणायला सांगितलं होतं," मी म्हटलं.

"मग बुवांबरोबर पाठवा!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी घड्याळाकडे बघितलं. "शालू," हे हळूच म्हणाले, "मी तरी काय सांगू त्यांना? तू म्हणतेस भक्त आहे. भक्त असा चावतो?"

मी पिशवीतली साखळी काढून भिंगरीच्या गळ्यात अडकवली. ती बिचारी माझा हात चाटत होती. त्या सव्वादोन तासांत होती तितकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

तेव्हा पायरीवरून कुणीतरी हसलं. तो धनगर. तोंडाला पदर लावल्यासारखं घोंगडं लावून हसत होता.

"हसताय काय, बाबा?" मला रागच आला.

"आक्का, येक बोलू? राग धरू नगा." तो उठून जवळ आला. "ह्यी भक्त न्हाई. ह्यी कामाची हाय. तुमी तिला काम दिलं न्हाई, तर तिनं गाव राखायला घेतलं."

"ती प्रदक्षिणा घालते. माझ्याभोवती, ह्यांच्याभोवती..."

"मोजती तुमास्नी. समदी हाईत का बघती." त्याने भिंगरीपुढे नुसता हात धरला. गावात कुणाकडेही न थांबणारी भिंगरी त्याच्या पायाशी बसली. मग त्याने मान वळवून आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे सवयीप्रमाणे एकदा देवळाच्या फाटकाची कडी बघून आले होते, नळ बंद आहे का बघून आले होते, आणि आता परत कडीकडे निघाले होते. "मालक काय करत्यात?"

"रिटायर झालेत," मी म्हटलं.

"व्हय," म्हातारा म्हणाला. "दोगंबी सारखीच दिसत्यात."

एवढ्यात रस्त्यावरून हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. आणि गजा ओरडला, "अरे देवा, गुरं!"

भात कापून झाला की आमच्याकडे गुरं मोकळी सोडतात ती पावसापर्यंत. सहाच्या सुमाराला घरोघरचं माणूस आपापलं जनावर शोधून हाकत आणतं. त्या दिवशी सहाला गाव मनाविषयी ऐकत बसलं होतं. आम्ही धावत रस्त्यावर आलो तर वळणावर तीस-पस्तीस गुरं डांबरावर ऐसपैस बसलेली, आणि त्यांच्यापलीकडे खेतल्यांच्या मेव्हण्याचा टेम्पो. त्याच्यामागे दोन ट्रक. उजेड कमी होत चाललेला. आणि रस्ता तुम्ही बघितलाय, वळणावरून खाली येणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही.

गाव काठ्या घेऊन ओरडत धावलं. गुरं उठली आणि पांगली, निम्मी काजूंच्या बागेत, निम्मी वळणाकडे.

"गप ऱ्हावा!" म्हातारा एवढ्या जोरात ओरडेल असं वाटलं नव्हतं. सगळे जागच्या जागी. "वरडू नगा. काठ्या खाली. आक्का, साखळी सोडा."

"खबरदार!" खेतले म्हणाले.

मी खेतल्यांकडे बघितलं नाही. रामाचं नाव घेतलं आणि साखळी सोडली.

"मालक, तुमी हिकडं या. ह्या देवळाच्या फाटकात हुबं ऱ्हावा."

"मी काय करू?" ह्यांनी विचारलं.

"काय करू नगा. नुसतं हुबं ऱ्हावा. ती जनावरं तुमच्याकडं आणणार. तुमी धनी. तुमी हलला तर तीबी हलंल."

भिंगरी तोवर निघालीसुद्धा होती. गुरांच्या अंगावर नाही गेली, लांबून मोठा वळसा घेऊन पलीकडे गेली. भुंकणं नाही, काही नाही. वळणावरच्या गुरांपुढे पोटावर आडवी झाली आणि नुसती बघत राहिली. पहिली गाय थबकली. वळली. मग दुसरी. मग काजूंच्या बागेतून एकेक शेपूट बाहेर यायला लागली. बुदरांचा मारका खोंड शिंगं रोखून उभा राहिला. भिंगरी त्याच्याकडे दोन पावलं सरकली, थांबली, आणखी एक सरकली. खोंडाने विचार केला आणि तोही वळला. दहा मिनिटांत सगळी गुरं रस्ता सोडून, एका गोळ्यात, आमच्या ह्यांच्यासमोर उभी होती. मागे भिंगरी, जीभ बाहेर, डोळे ह्यांच्यावर लावलेले. पुढची ऑर्डर काय?

ह्यांचा चेहरा मी तेव्हा पस्तीस वर्षं बघत आले होते. रिटायर झाल्याच्या दिवशी हार घालून घरी आले, त्यानंतर तो चेहरा कुठेतरी गेला होता. तो त्या फाटकात परत आला. ह्यांनी पाठ सरळ केली. फाटकावर दोनदा टकटक केली. डबल बेल! आणि चालायला लागले. गुरं ह्यांच्यामागून. भिंगरी गुरांच्या मागून.

"चला, बुदरवाडी!" ह्यांचा आगारातला आवाज आख्ख्या गावात घुमला. "बुदर, तुमची तीन उतरवून घ्या! खोंड आधी! ए तांबडे, दारात थांबू नको, पुढे सरक!"

गाव हसत हसत मागून निघालं. प्रत्येक फाटकाशी ह्यांचा हात वर, गुरं थांबायची, घरधनी आपलं जनावर ओळखून घ्यायचा, की टकटक, पुढचा स्टॉप. गजाची म्हैस उतरली. पुजाऱ्याची गाय उतरली. सगळ्यात शेवटी राहिली दोन, खेतल्यांची गाय आणि एक पांढरी कालवड.

खेतले कालवडीकडे बघतच राहिले. "ही... ही तीन दिवस सापडत नव्हती. मी वाघाने नेली म्हणून सोडून दिली होती."

टेम्पो त्यांच्या दारात उभा होता. मेव्हणा साखळी हातात घेऊन उतरला. चांगली लांब होती, खेतले खोटं बोलले नव्हते.

"दाजी, कुत्रं कुठाय? ह्येच का? लय भारी हाय की!"

मी भिंगरीच्या गळ्याभोवती हात टाकून तिथेच रस्त्यात बसले. खेतले कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि कुणाकडेच बघत नव्हते.

आमचे हे पुढे झाले. "ही गाडी रिकामीच जाईल," ते म्हणाले.

"आवो पण ठरलं व्हतं न्हवं?"

"ठरलं तेव्हा ही ड्यूटीवर नव्हती. आजपासून आहे. संध्याकाळी पाच चाळीस, पिंपळोशी गुरं, सर्व थांबे. रविवारी पण." मग खेतल्यांकडे वळून, "काय पंच? तक्रार असेल तर लेखी द्या."

खेतल्यांनी कालवड फाटकातून आत घेतली. मग म्हणाले, "पाच चाळीस नको. कीर्तन सहाला संपतं. सहा दहा करा."

भिंगरी त्या दिवशी घरी आली आणि ओटीवर आडवी झाली ती हललीच नाही. मी टेप लावला, तिने कानसुद्धा उभा केला नाही. मी टेप बंद केला.

नवमीला रामजन्म झाल्यावर सुंठवडा घेऊन मी मळ्यात गेले. म्हातारा मेंढरांना उठवत होता, बायको घोड्यावर सामान चढवत होती. तेव्हा मी त्याला नाव विचारलं. "धुळाप्पा," तो म्हणाला. त्याने सुंठवडा कपाळाला लावून तोंडात टाकला.

"बुवा काल लय ग्वाड बोलले," तो म्हणाला. "मी कदी पयलं निरूपण चुकवत न्हाई. गोष्टी काय, समद्यास्नी ठावं असत्यात."

मला आठवलं. आख्खं गाव भिंगरीने गोळा केलं, पण पायरीवर बसलेल्या ह्याला तिने हात लावला नव्हता. तो उठतच नव्हता.

"धुळाप्पा," मी विचारलं, "मग त्या प्रदक्षिणा नव्हत्याच का हो?" विचारताना मला थोडं रडू येत होतं. दोन महिने मी तिला हात जोडत होते ना.

त्याने मेंढरांवरून एकदा नजर फिरवली. "आक्का, मीबी निजायच्या आदी कळपाला तीन येढं घालतो. कोण हाय, कोण न्हाई, कोण लंगडतंय. मग निजतो. तुमी देवाभवती फिरताना काय करता?"

मी उरलेला सुंठवडा त्याच्या घोंगड्याच्या टोकाला बांधला. तो हसला, जीभ टाळ्याला लावून एक आवाज केला, आणि मेंढरं घाटाकडे चालू लागली. भिंगरी बांधापर्यंत पोचवायला गेली आणि तिथून आपणहून परत आली.

भिंगरी पुढे नऊ वर्षं आमच्याकडे होती. एकही दिवस रजा घेतली नाही. बुवांना त्या दिवशीच्या भरल्या मंडपाचं खरं कारण गावाने कधी कळू दिलं नाही, तुम्हीही भेटलात तर सांगू नका. म्हातारपणी आता तेवढीच एक गोष्ट ते सगळ्यांना सांगतात.

धुळाप्पा आणखी दोन चैत्र आला. पायरीवर बसायचा, पहिल्या शब्दापासून. तिसऱ्या चैत्रात मेंढरं आली, मागून त्याची सून चालत होती. मी विचारायच्या आधीच तिने नाही म्हणून मान हलवली.

आता चहा टाकते. पण तुम्ही रोज देवापुढे हात जोडताना आपल्या माणसांची नावं घेत असाल, कोण कुठे असेल, बरं असेल ना, म्हणून. सगळेच घेतात. त्या नावांत एक नाव माझ्यासाठी घाला. धुळाप्पा. आडनाव मी विचारलंच नाही. एवढंच घेतलंत तरी पोचेल.